कोल्हापूर परिसरातले उन्हाळी पाणपक्षी : कुठं काय दिसतंय, कोण घरटं करतंय

रंकाळावेस | १२ एप्रिल, रात्री ९:४०

मंडळी, हिवाळी पाहुणे थापटे गेले, तलवार बदकं गेली, आणि त्यांच्या मागोमाग आपल्यातल्या निम्म्यांच्या दुर्बिणीही कपाटात गेल्या. दरवर्षीचंच आहे हे. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना, फेब्रुवारीत परसातली पक्षीगणना, नोव्हेंबरात ५ ते १२ पक्षी सप्ताह (चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत). एप्रिल ते जून मात्र कोणी विचारत नाही. पाहुणे असेपर्यंत आपली गर्दी, आणि घरची माणसं संसार मांडायला घेतात तेव्हा आपण आंब्याच्या पेट्या फोडत बसतो.

म्हणून हा धागा. जिल्ह्यातलं तळं, नदी, बंधारा, ओढा, शेततळं, काहीही चालेल. काय दिसलं त्यापेक्षा ते काय करत होतं ते लिहा. घरट्याची नेमकी जागा मात्र लिहू नका. 'रंकाळ्याच्या अमुक बाजूला' एवढं बास.

सुरुवात माझ्यापासून. आज सकाळी रंकाळ्यावर परताळ्याच्या बाजूला वारकरी पक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या, दोन्ही जातींचे कमळपक्षी. लांब शेपटीच्या कमळपक्ष्यांना शेपटी फुटायला लागली आहे. एकाची निम्मीच आली होती, पण मानेमागचा सोनेरी पट्टा आत्ताच चकाकतोय. टिबुकल्यांच्या माना तांबूस झाल्यात आणि चोचीच्या मुळाशी तो पिवळट ठिपका लांबूनही दिसतो. हळदी-कुंकू बदकांच्या दोन जोड्या शालिनी पॅलेसच्या बाजूला. ही बदकं कुठं जात नाहीत, तरी लोक थंडीतच त्यांचे फोटो टाकतात.

कळंबेकर | १३ एप्रिल, सकाळी ८:०५

बरं केलंस धागा काढलास. कळंबा तलावाचं पाणी चांगलंच मागं सरलंय. कात्यायनीकडच्या अंगाला चिखल उघडा पडलाय, कडेचा वाळून भेगाळलाय, पाण्यालगतचा अजून ओला. असल्या ओल्या पट्ट्यातच सगळी गंमत चाललेली असते.

शेकाट्यांचा थवा आहे. तुतवार अजून एकटादुकटा शेपूट हलवत फिरतोय. आणि पिवळे धोबी! हिवाळाभर मळकट दिसणारा पक्षी जाता जाता असा पिवळाधमक होतो की ओळखू येत नाही. आठवडा-दोन आठवड्यांत तेही निघतील, बघायचे असतील तर लगेच या.

नवखा_०७ | १३ एप्रिल, दुपारी १:२२

नमस्कार, मी नवीन आहे. रंकाळ्यावर राजघाटाजवळ एक बगळा दिसला. पाठ एकदम गडद तपकिरी-लाल, डोकं पिवळसर आणि डोक्यामागं दोन-तीन लांब पांढरी पिसं. मोबाईलवरच्या ॲपनं तीन वेगवेगळी नावं सांगितली. दुर्मीळ काही आहे का? फोटो धूसर आहे, सांभाळून घ्या.

दुर्बीणवाली | १३ एप्रिल, दुपारी ३:१०

@नवखा_०७, तो वंचक आहे. दुर्मीळ अजिबात नाही. वर्षभर तो तुमच्या पायाशी, घाटाच्या पायरीवर, मातकट रेघा अंगावर घेऊन बसलेला असतो आणि उडाला की एकदम पांढरे पंख उघडतात. तो हाच. विणीच्या दिवसांत पाठ अशी मरून होते, काहींचे पायही लालसर होतात.

सगळ्या बगळ्यांचे सध्या हेच दिवस आहेत. गाय बगळ्याचं डोकं, मान, पाठ नारिंगी व्हायला लागली असेल. लहान बगळ्याच्या डोक्यामागं दोन लांब पिसं लोंबताना दिसतील. त्याचे पाय काळे, पंजे पिवळे, ते बघून ठेवा, म्हणजे मध्यम बगळ्याशी गल्लत होणार नाही. मोठ्या बगळ्याची हिवाळ्यात पिवळी असलेली चोच विणीच्या वेळी काळी पडते, तिथं ॲप हमखास गडबडतं. ॲप वापरा, पण आधी चोच, पाय, पंजे वहीत लिहा आणि मग त्याला विचारा.

नवखा_०७ | १३ एप्रिल, दुपारी ३:३४

म्हणजे रोज बघतोय तोच! धन्यवाद ताई.

उसातला_कोल्हा | १३ एप्रिल, रात्री १०:५०

भावा, कोल्हापुरात रोज बघतोय तेच भारी असतंय. वंचक म्हणजे आमच्यातलं ढोकरी. पाटाच्या कडंला तासभर हलत न्हाई. लई चिकाटी.

पंचगंगाकाठ | १६ एप्रिल, सकाळी ७:३०

नदीबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. जरा लांबेल.

राजाराम बंधारा म्हटलं की लोकांना ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी आठवते. जुलै-ऑगस्टात अख्खं शहर त्या पट्टीकडे डोळे लावून असतं. उन्हाळ्यात कोणी तिकडं बघत नाही, पण पक्ष्यांचा उन्हाळा त्या पट्टीवरच ठरतो.

आपल्याकडचे बंधारे कोल्हापुरी पद्धतीचे. पावसाळा संपला की खांबांमधल्या खाचांत बरगे (फळ्या) घालायचे, पाणी अडवायचं, आणि मृगाच्या आसपास बरगे काढून नदी मोकळी करायची. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी, पुढं पंचगंगा, सगळीकडं अशी बंधाऱ्यांची माळ आहे. वर धरणातून पाणी सुटलं की एकेक बंधारा भरत खाली येतो. मग दोन्ही काठांच्या मोटारी सुरू होतात आणि पातळी झपाट्यानं उतरते. उपसाबंदी (मोटारींनी पाणी उपसायला मनाई) लागली की उतरायची थांबते. बंदी उठली की पुन्हा उतरते.

पक्ष्याच्या बाजूनं बघा. पातळी फूटभर उतरली की खडीचा, वाळूचा, चिखलाचा एक पट्टा उघडा पडतो. टिटवीला वाटतं, झाली जागा. खडे इकडंतिकडं सारून एक उथळ खळगा करते आणि त्यात चार अंडी, निमुळती टोकं आत वळवून. उबवायला चारेक आठवडे लागतात. तेवढ्यात वरून आवर्तन (धरणाचं पाणी) सुटलं तर रात्रीत सगळं पाण्याखाली. यात कोणाचा दोष आहे असंही नाही. ऊस वाळतोय, गावाला प्यायला पाणी पाहिजे, पाणी सुटणारच. पण आपण पक्षी मोजतो तेव्हा त्या दिवशी पाणी किती होतं हे कोणीच लिहीत नाही. नुसतं 'टिटव्या ६' लिहून काय कळणार? आधीच्या आठवड्यात पाणी चढलं होतं का, मोटारी चालू होत्या का, एवढं तरी नोंदीत टाका.

परवा चिखलीच्या प्रयागाजवळ होतो. नदी सुरय दोन, पिवळ्या चोचीचे, पाण्यावर एकाच रेषेत वरखाली. कवड्या खंड्याची जोडी. शेवाळलेल्या दगडांवर मोठा धोबी गात होता. हा मात्र आपला इथलाच, स्थलांतर-बिलंतर काही नाही.

रंकाळावेस | १६ एप्रिल, सकाळी ९:०२

पाण्याची पातळी नोंदवायची कल्पना जबरदस्त. कळंबा, रंकाळ्यालाही लागू करू. रंकाळ्यात संध्यामठ किती उघडा पडलाय ते लिहिलं तरी अंदाज येतो.

टिबुकली | १६ एप्रिल, सकाळी ११:४५

+१. मठाचा फोटो दर रविवारी एकाच जागेवरून काढायचा. पट्टी नसली तरी चालेल.

शिरोळकरीण | १९ एप्रिल, संध्याकाळी ६:१५

सगळं शहरातलंच चाललंय, म्हणून आमच्या शिरोळची हजेरी लावते.

आमच्याकडं तळी नाहीत, पण क्षारपड रानं आहेत. वर्षानुवर्षं उसाला मोकाट पाणी, खाली काळी जमीन, निचरा नाही. पाणी वर आलं, क्षार वर आले, रान पांढरं पडलं. पीक गेलं आणि त्या जागी लव्हाळा, पाणकणीस वाढलं. आता ऐन एप्रिलातही तिथं घोटाभर पाणी असतं, आणि पाण्याकाठची सगळी मंडळी तिथं. शेकाटे, वंचक, मोर शराटी, जांभळा बगळा, लाजरी पाणकोंबडी.

आज तिथं रंगीत पाणलाव्याची जोडी बघितली. लव्हाळ्याच्या बुडाशी नर चिखलात चोच खुपसत होता. अंगावर राखी-तपकिरी नक्षी, डोळ्याभोवती पिवळट चष्मा. हलला नसता तर दिसलाही नसता. हातभर अंतरावर मादी, गळा-छाती गडद तांबूस, डोळ्याभोवती पांढरं. या जातीत मादी देखणी, आणि अंडी नर उबवतो, पिलं नर सांभाळतो. आमच्या सासूबाई सोबत होत्या. त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी दुर्बीण माझ्याकडून काढून घेतली ती परत दिली नाही.

उसातला_कोल्हा | १९ एप्रिल, संध्याकाळी ६:४०

सासूबाईंना नमस्कार सांगा. नाद खुळा.

सातबारा | २० एप्रिल, सकाळी ६:५५

शिरोळकरीण ताई, राग मानू नका, पण ते 'पाण्याकाठची सगळी मंडळी' जिथं आलीत ना, तसंच आमचंही रान आहे. आजोबांच्या काळात त्यात ऊस डोक्यावर जायचा. आता लव्हाळ्याशिवाय काही येत नाही आणि सोसायटीचं कर्ज मात्र येतं. गावात सच्छिद्र पाइप टाकून निचरा करायची कामं चालू झालीत. आमचा नंबर लागला की मीही टाकणार. पक्षी बघायला तुम्ही याल, दोन तास थांबाल, चांगलं वाटेल. मला ते रान परत पिकवायचंय.

शिरोळकरीण | २० एप्रिल, सकाळी ८:२०

राग कसला दादा. आमच्या माहेरचंही दोन एकर असंच गेलंय. निचरा करू नका असं मी म्हणणारच नाही. माझं म्हणणं एवढंच, की ही जागा पक्ष्यांनी निवडली कारण त्यांच्या जुन्या जागा राहिल्या नाहीत. ओढ्याकाठचं पाणकणीस गेलं, गावतळी बुजली, नदीतली वाळू उपसून नेली. पाइपातनं निघालेलं पाणी शेवटी कुठल्यातरी ओढ्यालाच जाणार. तो ओढा जेसीबी लावून सरळ गटारासारखा न काढता कडेला थोडं पाणकणीस ठेवलं, तरी पाणलावा, पाणकोंबडी तिथं सरकतील.

सातबारा | २० एप्रिल, सकाळी ८:४१

ओढ्याचं पटलं. ते गावात बोलता येईल. आमच्याकडं वेडा राघू ओढ्याच्या दरडीत बिळं करतो, ती दरड मी अजून कापू दिलेली नाही.

पंचगंगाकाठ | २० एप्रिल, सकाळी ९:१५

हे दोन प्रतिसाद या धाग्यातले सगळ्यात कामाचे.

कळंबेकर | ३० एप्रिल, सकाळी १०:१०

कळंब्याची टिटवी. लांबून, झाडाच्या सावलीत बसून बघितली.

अंडी उघड्यावर, भेगाळलेल्या चिखलाच्या कडेला. नऊ वाजताच जमीन तापली होती. बसलेली टिटवी मध्येच उठायची, अंड्यांवर पाय फाकवून नुसती सावली करून उभी राहायची. मग तुरूतुरू पाण्यापर्यंत गेली, पोट पाण्यात बुडवलं, अंग हलवून पोटाची पिसं चांगली भिजवली आणि तशीच निथळत परत येऊन अंड्यांवर बसली. जोडीदार तिकडून ओरडत एका कुत्र्याला लांब नेत होता. ही बसली की तो गेला पाण्यावर. असं आलटून पालटून.

उन्हाळ्यात टिटवीला अंडी उबवायची कमी आणि गार ठेवायचीच जास्त असतात. आपण फोटोसाठी जवळ जाऊन तिला अर्धा तास अंड्यांवरून उठवून ठेवलं, तर आतलं पिलू शिजलंच म्हणून समजा. टिटवी डोक्यावर ओरडायला लागली की आल्या पावली मागं फिरायचं. 'ओरडते म्हणजे घरटं जवळ आहे, शोधू या' असं नाही.

दुर्बीणवाली | ३० एप्रिल, सकाळी १०:४५

शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावा.

रंकाळावेस | ६ मे, रात्री ८:३०

रंकाळ्यातलं केंदाळ (जलपर्णी) काढायचं काम सुरू झालंय. पोकलेन काठाला, तराफे आत. ढीग काठावर येऊन पडतायत. आज त्या ढिगाकडं बघत होतो, तर वर एक कमळपक्षी सारखा घिरट्या घालत होता, उतरत होता, परत उठत होता. काय असणार ते कळलंच. दोन्ही कमळपक्ष्यांचं घरटं म्हणजे तरंगत्या पानांवर चार काड्या, कधी तेवढ्याही नाहीत. अंडी लाखेसारखी चकचकीत, गडद तपकिरी. टिबुकलीचं घरटं तर कुजक्या शेवाळाचा तरंगता ढीग असतो, आणि आई उठताना अंडी शेवाळानं झाकून जाते. पोकलेनवाल्याला ते दिसणार कसं?

अण्णा_फुलेवाडी | ६ मे, रात्री ९:१२

रंकाळावेस, तुमच्या भावना कळतात, पण मी या तळ्यावर रोज फिरायला येणारा म्हातारा आहे. केंदाळ पसरून तळं हिरवं मैदान झालं की काय वास सुटतो, डास किती होतात, मासे कसे मरून वर येतात, ते बघितलंय. केंदाळाखाली उजेड जात नाही, पाण्यात प्राणवायू राहत नाही. ते काढलंच पाहिजे. नाही काढलं तर तुमच्या कमळपक्ष्याला तळंच राहणार नाही. सांडपाणी येतंय तोवर केंदाळ येणार, मुळावर घाव घाला.

टिबुकली | ६ मे, रात्री ९:५०

अण्णा, काढू नका असं कोणीच म्हणत नाहीये. कधी काढता आणि कुठून काढता, एवढाच प्रश्न आहे. केंदाळ एका वेळी सगळं गेलं तर वाईट, सगळं राहिलं तरी वाईट. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठं काम उरकलं तर बहुतेक घरटी सुरूही झालेली नसतात. मे महिन्यात करायचंच असेल तर काठाकडून आत असं पट्ट्यापट्ट्यानं, आणि घरटी असलेले दोन-तीन तुकडे दोर लावून पावसाळा संपेपर्यंत बाजूला. केंदाळ तरंगतं, त्यामुळे तो तुकडा ओढून दुसरीकडं बांधताही येतो.

अण्णा_फुलेवाडी | ६ मे, रात्री १०:०५

दोर बांधायचं सोपं आहे, पण मे महिन्यात ठेकेदाराच्या माणसाला थांबवून पक्षी कोण दाखवणार?

टिबुकली | ६ मे, रात्री १०:११

मी दाखवते. उद्या सहाला येते.

रंकाळावेस | ७ मे, दुपारी १२:२०

गेलो होतो. तराफ्यावरच्या पोरांना दुर्बीण दिली. एकानं बघितलं, दुसऱ्याला हाक मारली, मग सगळ्यांची रांगच लागली. त्यांतल्या एकाला आम्ही सांगायच्या आधीच तीन घरटी माहीत होती! रोज पाण्यात तोच असतो, आपण काठावर. शालिनी पॅलेसच्या अंगाचा एक तुकडा त्यांनी आपणहून सोडलाय. मुकादम म्हणाले, वरून लेखी आलं तर पुढचंही बघू. अर्जाचा मसुदा टिबुकली करते आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच अंडी आणि घरटी नासवणं येतं, तो मुद्दा घालतोय, पण धमकीच्या सुरात नाही.

उसातला_कोल्हा | ७ मे, दुपारी १२:५५

जगात भारी. पोरांना मिसळ लागू झाली माझ्याकडून.

लेन्सवाला | ११ मे, सकाळी ११:३०

कृष्णेच्या पात्रात बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला खडी उघडी पडली आहे. तिथं नदी सुरय अंड्यांवर आहेत, लहान आर्लीही आहेत. अफलातून फोटो मिळाले. ज्यांना यायचंय त्यांना लोकेशन पाठवतो. ड्रोननं वरून तर आणखी भारी येईल.

दुर्बीणवाली | ११ मे, सकाळी ११:४८

लेन्सवाला, लोकेशन पाठवू नका, प्लीज. ड्रोन तर अजिबात नको. नदी सुरय ड्रोनला घार समजून सगळे एकदम उठतात, आणि मधल्या पाच मिनिटांत कावळे येऊन अंडी उचलतात. नदी सुरय धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत असुरक्षित गटात आहे. वाळू उपसा, कुत्री, अवेळी चढणारं पाणी, एवढं सगळं झेलून ती घरटी टिकलीत.

लेन्सवाला | ११ मे, दुपारी १२:१०

मी मोठ्या लेन्सनं लांबूनच काढले. सगळ्या फोटोग्राफरना एकाच माळेत ओवू नका. तुमच्या नोंदींना पुरावा शेवटी आमच्या फोटोंचाच लागतो.

पंचगंगाकाठ | ११ मे, दुपारी १२:४०

फोटो सुंदरच आहेत, वादच नाही. दुसऱ्या फोटोत अंड्यांच्या शेजारी गाडीच्या चाकाची वण दिसते, ती तुमची नाही हे मान्य. ट्रॅक्टरची आहे. तो फोटो तहसीलला द्यायच्या अर्जाला लावू, तिथं त्याचा खरा उपयोग. लोकेशन आपल्या चौघा-पाचांतच राहू दे.

आणि कृष्णेवर जाणाऱ्या सगळ्यांना: मगरी आहेत. पाण्याकाठी पोटावर झोपून फोटो काढायची हौस तिथं नको.

लेन्सवाला | ११ मे, दुपारी १:०२

ठीक आहे. मूळ फोटो मेलवर पाठवतो. ड्रोनचं राहू दे.

सातबारा | १८ मे, रात्री ११:१५

वळीव झोडपून गेला. तासभर गारा. आमच्या विहिरीवरची सुगरणीची जुनी घरटी सगळी खाली. नवी अजून लागायचीत, नुकसान नाही. पण रानात सकाळी शेकाट्याचं एक घरटं बघितलं. पाणी वाढल्यावर नर-मादीनं काड्या, मुळ्या आणून अंड्यांखाली सारल्या होत्या. उभ्या उभ्या काडी चोचीत धरायची आणि मागं टाकायची. अंडी पाण्याच्या वर बोटभर राहिली. टिटवीची दोन मात्र गेली.

शिरोळकरीण | १९ मे, सकाळी ७:०५

दादा, पाइप टाकायला पावसाळ्यानंतरचा नंबर घेता आला तर बघा ना.

सातबारा | १९ मे, सकाळी ७:३०

दिवाळीनंतरचाच आहे. आधी मिळाला असता तर घेतला असता, खोटं कशाला सांगू.

नवखा_०७ | २७ मे, संध्याकाळी ७:२०

रंकाळ्यावर आज कांस्यपंखी कमळपक्ष्याचं बघितलं. नर पानावर उभा होता आणि त्याच्या पोटाखालून पायच पाय लोंबत होते. मोजायला गेलो तर जास्तच! मग तो बसला, पंख सैल केले, आणि दोन्ही बगलांतून पिलं बाहेर आली. एवढीएवढी, आणि पंजे अंगापेक्षा मोठे. घार वरून गेली तशी परत सगळी पंखाखाली आणि हा त्यांना घेऊन दुसऱ्या पानावर. माझ्या शेजारी भेळ खात उभे असलेले काकाही भेळ विसरले.

हा तोच तुकडा, पोरांनी सोडलेला.

दुर्बीणवाली | २७ मे, संध्याकाळी ७:४१

वा! तारीख, वेळ, पिलं किती, सगळं वहीत घाला. मादी तोवर दुसऱ्या नराकडे असेल बहुतेक. एका मादीचे दोन-तीन नर असतात, प्रत्येकाला एकेक घरटं सोपवून देते.

अण्णा_फुलेवाडी | २७ मे, रात्री ८:१५

मला दाखवा कोणीतरी उद्या. माझ्याकडं दुर्बीण नाही, आणि पिलांवर कावळ्यांचा डोळा आहे, उशीर नको.

कळंबेकर | ३ जून, सकाळी ९:३५

चातक आला. कळंब्याच्या बाभळीवर दोन दिवस ओरडतोय. पाणपक्षी नाही, धाग्याच्या चौकटीत बसत नाही, तरी नोंद असू दे. तळ्यात अडई बदकं आल्यात, संध्याकाळी शीळ घालत थव्यानं उतरतात. राजाराम तलावावर कोणाला दिसल्या का?

टिबुकली | ३ जून, सकाळी ११:२०

राजाराम तलावावर परवा होत्या. विद्यापीठाच्या कॅम्पसमधल्या छोट्या तळ्यावर काणूक (छोटं बदक) आहे का ते बघायला गेले होते, तो नाही मिळाला, अडई मिळाल्या. सर्पपक्षी एक, पंख पसरून वाळवत.

दुसरं एक. पावसाळ्याआधीची झाडांची छाटणी चालू झालीय. चिंच, पिंपळ, वड जिथं जिथं रातबगळे, गाय बगळे, वंचक रात्रीला बसतात तिथं लक्ष ठेवा. याच झाडांवर या महिन्यात घरटी लागतात. खाली विष्ठेनं गाडी पांढरी होते म्हणून लोकच फोन करून फांद्या पाडायला लावतात. आमच्या गल्लीत सांगून बघितलं: गाडी चार महिने पलीकडं लावा. तिघांनी ऐकलं, एकानं नाही.

पंचगंगाकाठ | ७ जून, सकाळी ८:१०

आज राजाराम बंधाऱ्याचे बरगे काढायला सुरुवात झाली. पातळी उतरतेय, पण पाऊस लागला की आठवडाभरात सगळं वर येईल. वरच्या अंगाला उघड्या पडलेल्या खडीवर टिटवीची तीन पिलं आहेत, पळती. ती निघतील. एक जोडी मात्र उशिरा बसलीय, अंडी अजून आहेत.

एप्रिलपासूनच्या नोंदी आणि त्या-त्या दिवशीची पातळी एका तक्त्यात घालतोय. ज्यांनी संध्यामठाचे रविवारचे फोटो काढलेत त्यांनी मूळ फाइली तारखेसकट पाठवा, व्हॉट्सॲपवरून नको, तारीख उडते. सातबारा, तुमच्या रानातल्या पाण्याची उंची कोयत्याच्या दांड्यानं मोजली तरी चालेल.

सातबारा | ७ जून, सकाळी ८:२६

खुरप्याच्या दांड्यानं मोजतो. कोयता तोडणीवाले घेऊन गेलेत.